माणूस नव्हेच

रुग्णालयाच्या वेबसाइटवरून ऑपरेशनच्या तारखा आपोआप बटण दाबून पळवणाऱ्या यंत्रांना आवरायला तिथल्या साहेबांनी नियम केला: मिनिटात दहापेक्षा जास्त वेळा बटण दाबणारा माणूस नव्हेच, त्याला दिवसभर बंद ठेवा.

आज दहा वाजता तारखा खुल्या झाल्या. वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन आणखी लांबलं तर काही खरं नव्हतं, म्हणून साहेब घरून बटण दाबतच सुटले आणि बंद झाले. त्यांनी ऑफिसात फोन लावला.

“अहो मॅडम, मी बोलतोय. आधी मला आत सोडा, तारखा संपतायत.”

“ओळखलं साहेब, पण जरा रांगेत थांबा,” मॅडम म्हणाल्या.



“तुमच्याआधी चाळीस यंत्रांचे फोन येऊन गेलेत, आणि सगळी रडत होती.”