समिती येईपर्यंत

रेश्माला हवा असलेला प्रबंध समोरच्या काचेच्या कपाटात दिसत होता.

“साइटवर नाही, म्हणजे नाही,” ग्रंथपाल वझलवार खुर्चीतून न हलता म्हणाले.

वर्षभर हात न लावलेलं पान कॉलेजची वेबसाइट स्वतःच पुसायची आणि त्यावर नोंदलेल्या पुस्तकांचं कपाट बंद करायची.

“मग पान भरा ना, सर. परवा माझी तोंडी परीक्षा आहे.”

“तपासणी समिती येईल तेव्हा भरू. एरवी बघतंय कोण?” वझलवारांचा सगळा पराक्रम समितीच्या आदल्या आठवड्यातला.

संध्याकाळी ते निघाले, तर ग्रंथालयाचं दार उघडेना. “या नावाचा कर्मचारी नाही,” दार म्हणालं. साइटवरच्या कर्मचाऱ्यांच्या पानाला हात लावून आजच वर्ष झालं होतं. ते भरायला धावले, तर वेबसाइटही त्यांना ओळखेना.

त्यांनी दाराची काच बडवली. बाहेर पायरीवर बसलेली रेश्मा सावकाश उठली.

“समिती कधी येतेय, सर?”