वेक

ब्राझीलहून लग्न करून आयर्लंडला आलेल्या जुसाराला इंग्रजी येत होतं ते नवऱ्यानं शिकवलं तेवढंच. छपरावरून पडल्यापासून तिचा नवरा डेक्लन इस्पितळात बेशुद्ध होता. सकाळी सासूचा, ब्रीजचा फोन आला. ती रडत भराभर बोलत होती. जुसाराला शेवटचंच कळलं, "दुपारी त्याला आणतोय. घरीच वेक करू."

वेक म्हणजे जागं करणं. तो घरी होता तेव्हा रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन ती हाच शब्द त्याच्या कानाशी म्हणायची. सासूचं रडणं आनंदाचंच असणार.

तिनं पलंगावर नवी चादर घातली, त्याच्या आवडीचे चीजचे पाव भाजले. शेजारीपाजारी खुर्च्या आणि सँडविच घेऊन आले. एवढी माणसं बघून तिला भरून आलं.

"डॉक्टर कधी जागं करणार त्याला?" तिनं शेजारच्या नोराला विचारलं. नोरानं हातातली खुर्ची खाली ठेवून तिचा हात धरला.

मग दारातून शवपेटी आत आली. मागून ब्रीज.

"आई, तुम्ही म्हणालात वेक करणार."

ब्रीजनं तिला घट्ट जवळ घेतलं. "हो गं पोरी. पण त्यात रात्रभर त्याच्यापाशी जागायचं आपण असतं. त्यानं नाही."