मधला एक तास

"चारला उडतं, पाचला उतरतं. मग हे मला सहाला फोन का करतात? तुम्हीच सांगा बाई, मधला एक तास माझा नवरा असतो कुठे?"

तिने मोबाइल मास्तरीणबाईंच्या नाकासमोर धरला. त्यावर विमानाचं वेळापत्रक होतं. पलंगावर बॅग भरून तयार होती. धड उत्तर मिळालं नाही, तर आज लेकीला घेऊन ती सरळ माहेरी निघणार होती.

नवरा पंप दुरुस्त करायचा. वर्षभर त्याच्या वाळवंटापलीकडे, शेजारच्या देशातल्या शहरात फेऱ्या चालल्या होत्या. रस्त्याने अख्खा दिवस मोडतो, म्हणून विमानाने. "दोन तास लागतात," म्हणायचा, आणि इमानेइतबारे सहाला फोन करायचा. काल तिने सहज वेळापत्रक पाहिलं, तर हिशेब जुळेना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळपासून तेच कपाट दोनदा लावून झालं होतं.

मास्तरीणबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या खो खो हसल्या.

"अगं वेडाबाई, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर मागे! तिथले पाच म्हणजे आपले सहा. सूर्य काय तुझ्या नवऱ्याला विचारून मावळतो?"

"खरंच?"

"पोरांकडून घोकून घेते मी हे."

तिला हसू आलं, रडूही आलं. "मेली मी! देवमाणसावर संशय घेतला."

बाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला, घड्याळाकडे पाहिलं आणि पदर खोचला. "निघते. दमेकरी येईल."

दमेकरी म्हणजे पाण्याचा टँकर. त्याचा भोंगा सुरू व्हायचा, मध्येच गुदमरायचा, पुन्हा खोकल्यासारखा फुटायचा. गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची. गल्लीच्या तोंडाशी बाईंचं घर, तिथे तो आधी थांबायचा. मग दोन वळणं घेऊन शेवटी हिच्या दारात.

बाई गेल्यावर तिने बॅग रिकामी केली. लेकीचे फ्रॉक घडी घालून पुन्हा कपाटात ठेवले. किती दिवसांनी ती गुणगुणत होती. सहाला फोन वाजला.

"उतरलो गं. आत्ताच."

"तिकडे पाचच वाजलेत ना?" ती लाडात म्हणाली.

"अरे वा! हुशार झालीस. कुणी शिकवलं?"

"आपल्या मास्तरीणबाईंनी. आत्ताच गेल्या घरी."

तेवढ्यात फोनमध्ये भोंगा वाजला. मध्येच गुदमरला, पुन्हा खोकल्यासारखा फुटला.

ती सवयीने बादली उचलून दाराकडे धावली.

दारात टँकर अजून आलाच नव्हता.