प्रवासाचं कारण

व्हिसाच्या मुलाखतीत जुळ्या नातवंडांचं नावही काढायचं नाही, असं सोहमने अमेरिकेहून आईला बजावलं होतं. "मुलं सांभाळायला येतेय म्हणालीस की ते काम धरतात, मग व्हिसा विसर. फिरायला जातेय म्हण. आधी नायगारा, मग वॉशिंग्टन, मग डिस्ने." वसुंधराबाईंनी बडोद्यातल्या गोत्रीच्या घरात बसून यादी घोकली आणि व्हिसा मिळवला.

तिकडच्या सहा महिन्यांत त्यांनी दुधाच्या बाटल्या, डायपर आणि स्वयंपाकघरातलं सिंक एवढंच पाहिलं.

त्या बडोद्याला परतल्या, त्याच आठवड्यात विहीणबाई, म्हणजे सून शर्वरीची आई अहल्याबाई, फतेगंजहून तिथल्या ओलसर लिल्या चिवड्याचा पुडा घेऊन आल्या. पुढचे सहा महिने बाळं सांभाळायची पाळी त्यांची होती आणि सोमवारी मुंबईला व्हिसाची मुलाखत. वसुंधराबाईंची फिरण्याची यादी वहीत उतरवता उतरवता अहल्याबाई थांबल्या.

"खरं सांगा हं, दोन-दोन बाळांच्या रगाड्यात एवढं फिरणं होतं का हो? नाहीतर मी शर्वरीला सरळ नाही म्हणते. माझे गुडघे बोलायला लागलेत हल्ली."

वसुंधराबाईंना सोहमचा सकाळचा फोन आठवला. "आई, शर्वरीच्या आई आल्या नाहीत तर तुलाच परत यावं लागेल."



त्यांनी भेगाळलेले हात पदराखाली घेतले आणि त्या हसून म्हणाल्या, "होतं तर! बूट तेवढे चांगले घ्या, नायगाऱ्याला फार चालावं लागतं."