पश्चिमेची भिंत

“हे टवके जुने आहेत,” असं म्हणून हर्षवर्धननं कागदावर पेन टेकवलं, तशा नंदाबाई कडाडल्या, “उचला आधी ते पेन!”

विमा कंपनीनं पाठवलेला माणूस तो. परवा इकडे उत्तरेत, अलीगंजात लिंबाएवढ्या गारा पडल्या, त्यांनी घराचं बाहेरून काय नुकसान केलं ते बघायला आलेला. त्यानं ‘जुनं’ लिहिलं की दावा बुडाला, आणि येत्या पावसात हे घर गळणार.

“माताजी, गुस्सा मत कीजिए.”

“गुस्सा नको तर काय आरती ओवाळू?”

“अरे, काकू मराठी! मी परभणीचा.”

“मग डोळे परभणीलाच ठेवून आलात का?”

पदर खोचून नंदाबाई भिंतीला जाऊन भिडल्या. “सात वर्षं रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की समोर ही भिंत. चौथीपर्यंत शिकले मी, पण हिच्यावरचा डाग न् डाग पाठ आहे. तो खिडकीखालचा ओघळ जुना, मान्य. वरची चीरही जुनी, धरू नका. पण हे एकवीस टवके परवाचे. बोट घाला!”

हर्षवर्धननं एका टवक्यात बोट फिरवलं. आतलं सिमेंट कोरं होतं. धूळ नाही, शेवाळ नाही.

“जुने असते तर असे चकचकीत राहिले असते? आणि सगळे पश्चिमेलाच कसे? वारा तिकडूनच होता ना?”

तो खडू काढून एकेका टवक्याभोवती गोल करू लागला. बाल्कनीवरच्या फुटक्या पत्र्यांचे, तडकलेल्या टाकीचे फोटो घेतले.

“आत येऊन गच्चीवरून बघू का?”

“बाहेरचं बघायला आलात ना? रस्त्यावरून सगळं दिसतंय.”

“तसं नाही, काकू. पण घराची निगाच नाही. रंग किती वर्षांत दिलेला नाही!”

“निगा नाहीच! मला सांगताय? दिवाळीलासुद्धा हात फिरत नाही भिंतीवरून. म्हणून काय गारा पडल्या नाहीत? रंग लावलेल्या घरांवरच पडतात होय त्या?”

समोरचा इस्त्रीवाला भैया हसला. नंदाबाईंनी नुसतं बघितलं, तो इस्त्रीत डोकं घालून बसला.

हर्षवर्धननं सुस्कारा टाकला. कागदावर ‘गारांमुळे नुकसान’ असं ठळक लिहिलं, नंदाबाईंना नीट वाचून दाखवलं आणि पेन पुढे केलं.

“जिंकलात, वीणाकाकू. इथे सही करा.”

नंदाबाईंनी हात मागे घेतला.

“घर वीणाचं, मी शेजारची. ती लेकीकडे गेलीय कानपूरला. सही तीच करेल, तिला फोन लावा. आणि माझं नाव घेऊ नका, आमचं बोलणं नाही.”