दुसरा डोस

“एक डोस झाला ना, मग परत कशाला? धंदा लावलाय नुसता!” मढची कोळीण कल्पिता जनावरांच्या डॉक्टरणीवर कडाडली. कडेवर बोंबल्या, तिचं अडीच महिन्यांचं पिल्लू. आधीची कुत्री मांदेली पिल्लू असतानाच, दुसऱ्याच डॉक्टरकडे एक लस घेऊनही रक्त हगून मेली होती. डॉक्टरीण चिडली नाही. “मावशी, आईच्या दुधातलं बळ पिल्लाच्या अंगात असतं, तेच कधीकधी पहिली लस अडवतं. ते हळूहळू ओसरतं, म्हणून चार महिन्यांचा होईपर्यंत पुन्हा पुन्हा टोचायचं.” “म्हणजे मांदेली माझ्यामुळे...?” “तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.” कल्पिताने पदराने डोळे पुसले. “आजवर डॉक्टरांनी डोसच पाजले गं. समजावलंस तूच. टोच!” कार्डावर लिहिलेल्या तारखेला ती आली तेव्हा मागे कोळीवाड्यातल्या चार बाया पिल्लं घेऊन उभ्या. “यांनाही समजाव पोरी. मी सांगितलं की म्हणतात, कल्पिता डोस पाजते.”