टेम्पोखालचं तूस

टेम्पोखाली उताणा पडलेला चिलबोक एकटाच हसत सुटला. स्टिअरिंगच्या तेलाचा रबरी पाइप जोडापाशी चिरला होता आणि तिथून लाल थेंब टपकत होते.

"अगं बुनी, ऐकलंस का? पाइप गळतोय, म्हणून स्टिअरिंग जड! माझे हात धडधाकट आहेत!"

चार महिने स्टिअरिंग वळवताना म्हाताऱ्याचा घाम निघत होता. हातांतली ताकद गेली, वयापुढे कुणाचं चालतं, असं बायको बुनी म्हणाली, त्यालाही पटलं. शुक्रवारी हेनाम शहरात जाऊन गाडी चालवायचं लायसन्स कायमचं परत करायचं ठरलं. आता कसलं परत करतोय!

हत्यारांच्या पेटीतला नवा पाइप घ्यायला तो सरकला तर पाठीला भाताचं तूस टोचलं. त्यानं बोटानं उकरलं. वर कोरडं तूस, खाली लाल भिजलेलं, त्याच्याही खाली जुनं, काळं पडलेलं. कुणीतरी दर दोन-चार दिवसांनी डाग झाकत आलं होतं. घरात माणसं दोनच.

रागानं त्याचं डोकं भणभणलं. दातओठ खात त्यानं क्लिपा आवळल्या, तेल ओतलं. पुढची चाकं जॅकवर अधांतरी होती.

"वर बैस," तो गुरकावला. "आतली हवा काढायचीय. स्टिअरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरवत राहा."

"मी? जन्मात हात लावला नाही त्याला!"

"इंजिन बंद आहे. जातेस कुठं?"

बुनी चपला काढून आत बसली. फिरवू लागली. तेलात बुडबुडे आले, विरले. पिकल्या पर्सिमन फळांनी लगडलेल्या झाडातून ऊन काचेवर उतरलं होतं. बुडबुडे थांबले तरी बुनी थांबेना. डोळे मिटून, हलक्या हातानं ती फिरवतच होती. चिलबोक शेजारी जाऊन बसला.

"कुठवर आलीस?"

"लसणाची शेतं मागं पडली," ती झोपेत बोलल्यासारखं म्हणाली. "आता समुद्राच्या बांधावरचं वळण."

तिथं तिचे हात थिजले. बोटं पांढरी पडली.

"तुम्ही टेम्पो घेऊन बाजारातून घरी येईपर्यंत मनानं मी इथंच असते, जीव मुठीत धरून. रोज."

चाळीस वर्षं त्या वळणावरून तो शीळ घालत आला होता. त्याचा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याला फार वाईट वाटलं.

"वळव हळूच. समोरून कुणी नाही."

तिनं वळवलं. पलीकडे पाणी चमकत होतं, दोघांनाही दिसलं.

मग तो उतरला. खुराड्यापाशी तुसाची टोपली होती. त्यातलं ओंजळभर आणून त्यानं टेम्पोखाली पसरलं. नव्या पाइपातून एक थेंबही पडत नव्हता.

"अजून गळतंय?" बुनीनं घाबरून विचारलं.

"जरासं. जडही आहे. हातच गेले गं माझे." त्यानं तळवे झटकले. "शुक्रवारी हेनामला सकाळची बस किती वाजता आहे?"